मधलं चित्र कोणी खाल्लं?

फुकट मिळालेल्या वस्तूवरून इतकं भांडणारा माणूस आख्ख्या कांदिवलीत दुसरा सापडणार नाही. विकत घेतलेल्या वस्तूवरून भांडावं, ते मला कळतं. वांगं किडकं निघालं तर मी स्वतः भाजीवाल्याच्या सात पिढ्या काढते. पण आमचे समोरचे भावोजी ज्या गोष्टीपायी वर्षानुवर्षं रक्त आटवतायत, ती त्यांना कोणी विकलेली नाही, कोणी गळ्यात मारलेली नाही, आणि ती बनवणाऱ्यांचं तोंडही त्यांनी कधी पाहिलेलं नाही. त्यांचं दुखणं काय, तर कॉम्प्युटरवर विंडो उघडताना मध्येच अडखळते. बस्स. उघडत नाही असं नाही, उघडते. पण उघडता उघडता जराशी ठेच लागल्यासारखी करते, आणि पापणी लवायच्या आत सगळं संपतं. तेवढ्यावरून हा माणूस पानावरून उठतो.

भावोजी म्हणजे माझ्या यजमानांचे सख्खे भाऊ नव्हेत. आमचं दार उघडलं की त्यांचं दार दिसतं, एवढंच नातं. यजमान होते तेव्हा दोघं संध्याकाळी कठड्याला टेकून गप्पा मारायचे, म्हणून मी वहिनी आणि ते भावोजी. पुढे यजमान गेले, वहिनी आणि भावोजी राहिले. भावोजी अंधेरीला एका स्टुडिओत नोकरीला होते. तिथे जाहिरातींची कार्टून हाताने काढत. मोठा चित्रकार पहिलं चित्र काढायचा, मुलगा बाकावर बसलाय; मग शेवटचं काढायचा, मुलगा उडी मारून अंगणात उभा. या दोहोंच्या मधली सगळी चित्रं काढायची भावोजींनी, खालून उजेड येणाऱ्या काचेच्या टेबलावर वाकून. मधलं एक चित्र गाळलं तरी मुलगा झटका खातो, पडद्यावर ते सगळ्यांना जाणवतं आणि कशामुळे ते कोणालाच सांगता येत नाही. “मोठा चित्रकार मुलाला बसवतो आणि उभा करतो, वहिनी. उडी मारायला आम्ही लावतो,” असं ते सांगायचे. पडद्यावर नाव मात्र मोठ्या चित्रकाराचं. पुढे ते काम मशीनवर गेलं, स्टुडिओने काचेची टेबलं मोडीत काढली आणि त्यांच्याबरोबर भावोजींनाही. नोकरी गेली, डोळा तसाच राहिला. नोकरी नसलेला असा डोळा म्हणजे सगळ्या इमारतीला पीडा.

लिफ्टचं दार हिसका देऊन बंद झालं की ते आतल्या आत दात खातात. त्यांच्या मते जगातली प्रत्येक चांगली हालचाल सुरुवातीला हळू, मध्ये वेगात आणि शेवटी पुन्हा हळू असते. मांजर बघा, झोका बघा, पान पडताना बघा. ते स्वतःही तसेच चालतात. घरून निघताना हळू, पॅसेजच्या मध्यावर एकदम धावत्यासारखे, आणि माझ्या दारापाशी आले की जहाज धक्क्याला लागावं तसे. घरात ठीक आहे. चारकोपच्या सिग्नलला त्यांनी रस्ता असाच ओलांडायला घेतला. सुरुवातीला हळू निघाले म्हणून रिक्षावाला थांबला, मध्ये पळाले म्हणून त्याने रिक्षा सोडली, आणि शेवटी हे पुन्हा हळू झाले. रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, “ओ काका, नक्की जायचंय की नाही?” त्यावर भावोजींनी रस्त्यात उभं राहून त्याला ब्रेक एकदम का लावू नये ते समजावलं. मागचे हॉर्न मला भाजी घेताना कोपऱ्यावर ऐकू येत होते. बोरिवलीला एका लग्नात तर हॉलच्या पडद्यावर नवरानवरीचे फोटो एकामागून एक सरकत होते, ते जरा गचके खात सरकत होते. मंगलाष्टकं चालू, सगळ्यांच्या मुठीत अक्षता, आणि हे मुठीतल्या अक्षतांसकट पडदेवाल्याच्या टेबलाशी जाऊन म्हणतात, “अहो, तुमचं मशीन मधलं चित्र खातंय.” त्यांची बायको शालन तेव्हापासून लग्नाला एकटी जाते.

आता त्या फुकटच्या गोष्टीकडे येते. मी चौथी शिकलेली, म्हणून मला त्यांनी सांगितलं तसंच सांगते. कॉम्प्युटर चालू केला की पडद्यावर जो सगळा थाट दिसतो, विंडो, खालची पट्टी, लहान लहान चित्रं, तो थाट काही कंपन्या पैसे घेऊन विकतात. आणि जगभरातली काही माणसं तसाच थाट आपापल्या घरी बसून लिहितात आणि कोणालाही वापरू देतात. गावाने मिळून विहीर खणावी तसं. कोणीही पाणी भरावं, कोणीही पायरी दुरुस्त करावी. भावोजींना हे फार आवडलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या चित्रांच्या मधली चित्रं काढलेल्या माणसाला सगळ्यांनी मिळून केलेलं काम आवडणारच. अंधेरीच्या एका ऑफिसाने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, ते यांनी टेम्पोत घालून आणले आणि आमच्या इमारतीच्या तळमजल्याच्या खोलीत लावले. पूर्वी तिथे मोडका कॅरम आणि गणपतीची मखरं पडलेली असत. चार कॉम्प्युटर, चारही म्हातारे. त्यांच्यावर हा फुकटचा थाट घातला आणि इमारतीतल्या आम्हा म्हाताऱ्या बायकांना बोलावून बसवलं. कोणी दुबईच्या नातवाशी बोलायला लागली, कोणी विजेचं बिल भरायला. मी एका बोटाने लिहायला लागले. घरी मी हातात काही धरलं की सून म्हणते, “आई, राहू दे, तुम्हाला नाही जमणार.” त्या खोलीत असं कोणी म्हणत नव्हतं. मला जगात तेवढी एकच खोली होती.

पण भावोजी सुखाने बसू देतील तर ना. आमचं चाललेलं असायचं आणि हे मागून ओरडायचे, “थांबा! मधलं चित्र खाल्लं!” विंडो उघडते म्हणजे खरं तर लहानाची मोठी होत जाणारी पुष्कळ चित्रं एकामागून एक दिसतात, आणि मशीन म्हातारं असलं की त्यातली काही ते गाळतं, असं त्यांचं म्हणणं. खात्री करायला ते मला बोलवत. तव्यावर घावन असो की अंगावर ओलं लुगडं असो, “वहिनी, एक मिनिट.” मग विंडो उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारायचं, “अडखळलं का?” शालनला विचारून उपयोग नव्हता. ती मटार सोलता सोलता वर न बघता “छान आहे” म्हणायची. बाकीच्या बायका बिचारा वाईट वाटून घेईल म्हणून “नाही हो” म्हणायच्या. मी अडखळलं तर अडखळलं म्हणते. उगाच गोड बोलायला मला कोणी शिकवलं नाही आणि आता शिकायचं वय नाही. मी “अडखळलं” म्हटलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा की जणू मी त्यांना जिलेबी दिली.

मग ते त्या परदेशातल्या माणसांना लिहायला बसायचे. मोबाइलवर विंडोची फिल्म घ्यायची, ती हळूहळू चालवून बघायची, कुठलं चित्र गाळलं गेलं ते शोधायचं, आणि ते गाळलेलं चित्र शिसपेन्सिलने कागदावर काढून, त्याचा फोटो तक्रारीबरोबर पाठवायचा. विंडोचं चित्र! चौकोन! पण तो चौकोनही असा काढायचे की आता सरकेल की काय असं वाटावं. तिकडून उत्तर यायचं की मशीन जुनं आहे, नवीन घ्या. नाहीतर ही सरकासरकी बंदच करायचं एक बटण आहे, ते दाबा. असं उत्तर आलं की भावोजी पॅसेजमध्ये येरझारा घालायचे, आणि त्यासुद्धा सुरुवातीला हळू. “त्यांच्याकडे नवी मशिनं आहेत म्हणून त्यांना दिसत नाही! उंच माणसाने विहिरीचा कठडा आपल्या मापाने बांधला, आणि बुटक्याला सांगतो, तू पाणीच पिऊ नकोस!” मला तेव्हा ते सगळं खूळ वाटायचं. पण हे विहिरीचं त्यांचं बरोबर होतं, ते मी तेव्हाही म्हटलं होतं.

तेवढ्यात आमच्या इमारतीच्या सेक्रेटरीला जिम सुचली. हा सेक्रेटरी माझ्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झाला, माझ्या हातचे बेसनाचे लाडू खाऊन, आणि आता पोट आत घ्यायला त्याला आमची खोली पाहिजे. खोलीत येऊन म्हणाला, “आजी, हे भंगार आहे सगळं. अडकत अडकत चालतं. तरुण मुलांना काहीतरी नको का?” मी म्हटलं, “मेल्या, तरुण मुलांना सगळी मुंबई आहे. आम्हाला ही एक खोली.” भावोजी मध्ये पडले. म्हणाले, दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये कमिटीने इथे येऊन बघावं, मशिनं लोण्यासारखी चालली तर खोली आमची, नाही चालली तर जिम. सेक्रेटरीने ते लगेच कबूल केलं. त्याला काय, तो घरी नवं मशीन वापरतो.

दसरा आला. स्टुडिओत असताना भावोजी खंडेनवमीला पेन्सिली आणि काचेच्या टेबलाची पूजा करायचे, ती सवय सुटलेली नाही. त्यांनी चारही कॉम्प्युटर पुसले, हळदकुंकू लावलं आणि प्रत्येकाच्या डब्याला झेंडूची ही जाडजूड माळ घातली, अगदी बाजूच्या जाळीवरून गुंडाळून. वर ताकीद दिली, “माळ कोणी ओढून काढायची नाही. सुकून आपली आपण पडू द्यायची. स्टुडिओत आम्ही असंच करायचो.” त्याच आठवड्यात त्या फुकटच्या थाटाची नवी आवृत्ती आली, ती त्यांनी चारही मशिनांवर घातली. आणि थोड्याच दिवसांत मशिनं अशी अडखळायला लागली की मला बोलवायची गरजच उरली नाही. दारातून दिसत होतं.

भावोजी खवळले. नवी आवृत्ती घातली आणि चारही मशिनं एकदम बिघडली, म्हणजे चूक त्यांचीच! हा हिशेब मलाही पटला. त्यांनी तिकडे असं काही लिहिलं की मला वाचून दाखवताना त्यांचाच आवाज कापत होता. तिकडून एका बाईने विचारलं की मशीन तापतंय का, त्याच्या आतला पंखा नीट फिरतोय का. भावोजींना ते फारच लागलं. “मी मशिनाबद्दल विचारतोय का तिला? मी तिच्या कामाबद्दल बोलतोय! आणि ती माझ्याकडचा पंखा विचारते!” शालन म्हणाली, “अहो, मग बघा ना एकदा पंखा.” तर तिच्याशी बोलणं बंद.

मीटिंग जवळ आली तशी बायकांची घालमेल सुरू झाली. सेक्रेटरीच्याच पुतण्याने येऊन दाखवलं की ते बटण दाबून सरकासरकी बंद केली की विंडो फटकन उघडते, अडखळायचा प्रश्नच नाही. बायका म्हणाल्या, सुटलो. भावोजींनी सरकासरकी परत चालू केली. पुतण्याने पुन्हा बंद केली. भावोजींनी पुन्हा चालू केली. शेवटी मी तावातावाने त्यांच्या दारात गेले. “भावोजी, डोकं ठिकाणावर आहे का? तुमच्या नखऱ्यापायी आमची खोली जाईल! उघडलं की झालं. म्हाताऱ्या बायकांना काय करायचंय तो थाट?”

ते जेवत होते. घास खाली ठेवला आणि म्हणाले, “म्हाताऱ्यांना काय करायचंय, असं सगळेच म्हणतात, वहिनी. आता तुम्हीही म्हणा.”

मी परत आले. मला राग आला होता, आणि तो नक्की कोणाचा ते घरी पोचेपर्यंत कळेना. सून म्हणाली, “आई, तांदूळ राहू दे, मी निवडते.” मी तिला असं झापलं की ती दोन दिवस माझ्या वाटेला गेली नाही. सरकासरकी चालूच राहिली. कोणी त्या बटणाला हात लावला असता तर मीच आडवी आले असते.

रविवारी सकाळी कमिटी खोलीत जमली. भावोजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता. सुकलेल्या माळा मशिनांवर तशाच होत्या. त्यांनी विंडो उघडली. ती लंगड्या बैलासारखी आली. मिटली, तीही तशीच. पुन्हा उघडली. मग त्यांनी सवयीने, सगळ्यांसमोर, माझ्याकडे वळून विचारलं, “वहिनी, अडखळलं का?”

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. एकीने मागून माझ्या पदराला हिसका दिला. एका शब्दावर खोली होती, ते मला काय कळत नव्हतं? पण त्या माणसाने मला इतकी वर्षं विचारलं ते मी खरं सांगते म्हणून. मी म्हटलं, “अडखळलं.”

“बघा!” सेक्रेटरीने जोरात हात मारला त्या डब्यावर. “भंगार आहे, भंगार!” आणि त्याबरोबर डब्याच्या जाळीतून भुसभुस करत झेंडूचा पिवळा चुरा टेबलावर पडला. भावोजींनी तो चिमटीत धरला. मग त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, पाच मिनिटांत डबा उघडला. आतल्या पंख्याला सुक्या पाकळ्या अशा अडकल्या होत्या की पंखा कण्हत होता. बिचारं मशीन तापाने फणफणलेलं, ते काय पळणार? चारही मशिनांना माळा यांनीच घातलेल्या, काढू नका म्हणून ताकीदही यांचीच. भावोजींनी शालनला घरून त्यांचा स्टुडिओतला ब्रश आणायला सांगितलं, इतक्या दिवसांनी बोलले ते हेच, आणि भट देवाचा मुखवटा पुसतो तसा तो पंखा साफ केला. डबा बंद केला. विंडो उघडली. काय सांगू! नऊवारीतली बाई पाटावर बसते ना, सावरून, घाई न करता, तशी ती विंडो आली आणि टेकली. मिटली तीही तशीच. मला कोणी विचारलं नाही, तरी मी म्हटलं, “नाही अडखळलं.”

आता तुम्हाला वाटेल, खोली राहिली. कुठली राहायला! सेक्रेटरी म्हणाला, “झकास, काका, मानलं तुम्हाला,” आणि त्याच तोंडाने जिमसाठी हात वर करायला लावले. सगळ्यांनी केले. ज्यांच्या आया आमच्याबरोबर तिथे बसायच्या त्यांनीसुद्धा. दिलेला शब्द डोळ्यांसमोर मोडला आणि वर पेढे वाटले. शिरा पडो त्या पेढ्यांवर. मी घसा बसेपर्यंत भांडले. बाजूला बघते तर भावोजी नाहीत. मला वाटलं, त्यांना काही झालं. धावत वर गेले, तर गृहस्थ घरी मोबाइलवर वाकून त्या परदेशातल्या बाईला लिहीत बसलेले. खोली चाललीय, आणि हा माणूस माफी मागतोय! “अहो, खाली चला!” मी म्हटलं. ते म्हणाले, “तिने बरोबर विचारलं होतं, वहिनी. मी तिला काय काय बोललो.” पंख्यातल्या पाकळ्यांचंही त्यांनी पेन्सिलने चित्र काढलं होतं.

जिममध्ये आता धावायच्या यंत्रावर तिसऱ्या मजल्यावरचे टॉवेल वाळतात. सेक्रेटरीचं पोट होतं तिथेच आहे. त्या बाईने भावोजींना लिहिलं की पाकळ्यांचं जाऊ दे, पण तुमची जुनी चित्रं लावून बघितली तर एका ठिकाणी आमचंही चित्र खरंच गळत होतं. ते त्या लोकांनी दुरुस्त केलं. कुठे कुठे कोणाकोणाच्या म्हाताऱ्या मशिनांवर ती विंडो आता नीट उघडत असेल, आणि कांदिवलीच्या भावोजींचं नाव तिथे कोणाला माहीत नसेल. त्याचं त्यांना काही नाही. सवय आहे.

एक मशीन माझ्या बाहेरच्या खोलीत आहे, त्याच्यावरच हे लिहितेय. सून कुरकुरली, पण माझं तोंड तिला माहीत आहे. भावोजी दुपारी येतात. निघताना हळू, मध्ये हळू, शेवटीही हळू. मध्यंतरी त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तरी एका डोळ्याचा पडदा गेला तो गेलाच, आणि दुसऱ्याला पण सगळं धुकट दिसतं. विंडो उघडलेली त्यांना कळते, कशी उघडली ते कळत नाही. सगळे त्यांना सांगतात, “आता नाही हो अडखळत, एकदम झकास आहे.” ते ऐकून घेतात, आणि मग खुर्ची पडद्याकडून माझ्याकडे वळवतात.

“वहिनी, अडखळलं का?”

“अडखळलं. मिटताना, खाली जाता जाता.”

“मधलं चित्र?”

“मधलंच.”

“तरी म्हटलं!” म्हणतात, आणि चेहरा तसाच फुलतो. मग ते तोंडाने सांगतात आणि मी एका बोटाने त्या बाईला लिहिते, आणि चहा होतो. एक दिवस ते तिकडचे लोक सगळं नीट करून टाकतील. मग ते मला विचारतील, आणि मला खरं सांगावं लागेल, आणि दुपारी पॅसेज ओलांडून यायला या माणसाला काही कारण उरणार नाही. त्या लोकांवर मी आयुष्यभर नाही तरी बरीच वर्षं चिडले आहे. आता त्यांना एवढंच सांगणं आहे, की बाबांनो, फार घाई करू नका.